पडू द्या तिला

मित्रांनो, माझ्यावर कोणालाही धड उभे राहता येत नाही. ही माझी खोड नाही, हेच माझे काम आहे. मी एक जुनी डोलफळी आहे. वरून सपाट, आणि खाली दोन अर्धगोल लाकडी पाय. एका बाजूला भार पडला की मी त्या बाजूला कलते. माझ्यावरच्या मुलाने स्वतःला सावरले की मीही सरळ होते.

आज मी एका शाळेच्या जिन्याखाली, तुटक्या बाकांच्या अडगळीत पडून आहे. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे रचले आहेत. एक पाल माझ्या खालच्या बाजूला संसार थाटून बसली आहे. पण मी माझ्या हालांचे रडगाणे गाणार नाही. लाकडाला काय, पडून राहायची सवय होते. मला राग आला आहे, आणि तो राग माझ्यासाठी नाही. कोणासाठी ते सांगते.

मला ज्या सुताराने घडवले त्याला मी मुळीच आवडले नव्हते. लोकांच्या डुगडुगणाऱ्या टेबलांना आणि खुर्च्यांना सरळ करण्यात त्याचा जन्म गेला होता. आणि एक दिवस एक बाई दुकानात आली आणि म्हणाली, “मला मुद्दाम डुगडुगणारी फळी हवी आहे.”

“बाई, असली वस्तू माझ्या दुकानातून बाहेर पडली तर लोक काय म्हणतील?” सुताराने विचारले.

“जे म्हणतील त्यांना माझ्याकडे पाठवा,” ती म्हणाली. “मी त्यांना हिच्यावर उभं करीन.”

सुतार हसला आणि कामाला लागला. पोरांचे पाय उघडे असणार हे कळल्यावर त्याने माझ्या कडा इतक्या घासल्या की बोट फिरवले तर कुसळ लागू नये. त्या बाईने मला काखेत मारले आणि आपल्या खोलीत नेले. ती फिजिओथेरपिस्ट होती. पालक तिला मॅडम म्हणत, मुले ताई म्हणत. मी मुलांच्या बाजूची, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताईची खोली एका उपचार केंद्राच्या मागच्या अंगाला होती. जमिनीवर निळ्या गाद्या, एका भिंतीवर आरसा, दुसऱ्या भिंतीवर धरायला आडवे दांडे. कोपऱ्यात एक भलामोठा चेंडू, ज्याच्या तोंडावर मुलांनी खडूने मिशा काढल्या होत्या. बाहेर बोळात एक बाकडे, आणि त्यावर वाट बघणाऱ्या आया.

तिथे येणाऱ्या बहुतेक मुलांना सेरेब्रल पाल्सी होती. नाव अवघड आहे, गोष्ट तितकी अवघड नाही. मेंदूला फार लवकर, कधी जन्माआधी, कधी जन्मताना, इजा होते. मग मेंदू हातापायांना जो निरोप धाडतो तो वाटेत अडखळतो किंवा भलताच पोहोचतो. त्यामुळे कोणाचे पाय ताठ होतात, कोणाची मान स्थिर राहत नाही, कोणाचे शब्द जिभेवर अडतात. शेजारी बसल्याने लागेल असा हा आजार नाही. आणि ज्याला नीट बोलता येत नाही त्याला काही कळत नाही, असेही मुळीच नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगायला तयार आहे. कारण त्या खोलीच्या दारात उभे राहून कितीतरी शहाणीसुरती माणसे मुलांच्या डोक्यावरून विचारायची, “याला कळतं का हो काही?” आणि ज्याच्याविषयी विचारले तो खालून त्यांच्याकडे टकमक बघत असायचा.

माझे काम या मुलांना तोल शिकवण्याचे. तुम्ही म्हणाल, तोल म्हणजे काय, नुसते उभे तर राहायचे. पण तुम्ही नुसते उभे असता ना, तेव्हाही तुमचे शरीर सारखे थोडे थोडे पडत असते आणि लगेच स्वतःला सावरत असते. तुम्हाला ते आपोआप जमले, म्हणून त्याचा पत्ता नाही. या मुलांना तेच मेहनतीने कमवावे लागते. ताई मुलाला आधी माझ्यावर नुसते बसवायची. मागे बसून कमरेला हात लावायची आणि मला हळूच एका बाजूला कलवायची. मूल घाबरून आखडायचे. पुन्हा कलवायची. मग कधीतरी मुलाची पाठ आपण होऊन दुसऱ्या बाजूला वळायची. पुढे गुडघ्यांवर, मग दांडा धरून उभे, मग दांडा सोडून. मधे पडणे तर भरपूर. पडावे कसे, हेही ताई शिकवायची. तळहात पुढे, हनुवटी वर.

आणि याच पडण्यावरून सगळे रामायण झाले.

भिंगरी पहिल्यांदा आली ती आजोबांच्या कडेवर. कडेवर बसण्याचे तिचे वय केव्हाच उलटले होते. तिचे लांब, ताठ पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले आणि आजोबांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. भिंगरी हे तिचे घरातले नाव. ती जन्मली तेव्हा आजोबांनीच ठेवलेले, तिच्या पायांचे काही कळायच्या आधी. पुढे कळल्यावर लोक ते नाव ऐकून तोंड वाकडे करू लागले. आई म्हणाली, “बाबा, आता हे नाव नको.” आजोबा म्हणाले, “फिरो न फिरो, माझी भिंगरीच आहे ती.” म्हणून ते राहिले.

आजोबा म्हणजे तिच्या आईचे वडील. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. आई एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर बसायची. वडील दूर कामाला, अधूनमधून येणारे. त्यामुळे भिंगरीचे सगळे आजोबांकडे. ते तिला उचलून न्हाऊ घालत, उचलून जेवायला बसवत, उचलून खिडकीशी नेत. त्यांच्या मायेबद्दल शंका घेणाऱ्याचे मी थोबाड रंगवीन. पण त्या मायेने पोरीला जमीन म्हणून काय असते ते कळूच दिले नव्हते.

ताईने भिंगरीला माझ्यावर बसवले आणि मला जरासे कलवले. भिंगरी लाकडाच्या ओंडक्यासारखी गादीवर आडवी झाली. आजोबा बूट न काढता गादीवर धावले.

“अहो, पाडता काय पोरीला? औषध सोडून हे कसले खेळ?”

“आजोबा, आधी बूट,” ताई शांतपणे म्हणाली. “आणि तिला विचारा, लागलं का.”

कोणी विचारायच्या आतच भिंगरी गादीवर पालथी पडल्या पडल्या खुदुखुदू हसत होती. “पुन्हा!” ती म्हणाली. तिचा शब्द जरा ओढत यायचा, पण स्पष्ट होता. “पुन्हा पाडा ना.”

त्या दिवसापासून ताईने आजोबांची रवानगी बोळातल्या बाकड्यावर केली. ते दाराच्या काचेला नाक लावून उभे राहत. भिंगरी पडली की काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ मोठी होई. एवढा एकच फरक.

शिकायला फार वेळ लागला. झटपट काही झाले नाही, आणि झटपट होते असे जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. भिंगरी कधी चिडायची, कधी रडायची. “ताई, माझे पाय माझं ऐकतच नाहीत. तुम्हीच त्यांना रागवा,” म्हणायची. मग ताई तिच्या पायांना खरोखर दमात घ्यायची आणि भिंगरी हसून लोळायची. पण कधीतरी मी डावीकडे कलले आणि तिची पाठ उजवीकडे वळली. कधीतरी ती पडली तेव्हा तिचे दोन्ही तळहात तिच्या आधी गादीवर पोहोचले. आणि पुढे एके दिवशी, पाय सरळ धरणारे स्प्लिंट घालून, एका हाताने दांडा धरून ती माझ्यावर उभी राहिली आणि दुसऱ्या हाताने तिने ताईने फेकलेला चेंडू ढकलून दिला. दारामागून काच वाजली. आजोबा टाळी वाजवायला गेले आणि त्यांनी कपाळ आपटून घेतले होते.

कौतुकही झाले. त्याचेही सांगते, कारण तेव्हाच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. केंद्राला काही सामान भेट मिळाले आणि देणारी मंडळी फोटोसाठी आली. भिंगरीला माझ्यावर उभे केले. पाच-सहा मोठी माणसे तिच्या मागे दाटीवाटीने उभी राहिली. एका बाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, “बिचारी! केवढी गोड, पण काय नशीब.” आपण भेट दिली की समोरच्याच्या कानात बूच बसते असे या लोकांना वाटते की काय! भिंगरीने फोटोवाल्याकडे पाहिलेच नाही. ती त्या बाईच्या पायांकडे बघत होती.

“सॅंडल काढा,” ती म्हणाली. “गादीवर सॅंडल चालत नाही.”

फोटोत ती बाई वाकलेली आली आहे. तेवढेच समाधान.

मग भिंगरीचे नाव शाळेत घातले. सगळ्यांना आनंद. ती आता वॉकर धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. शाळा सुरू झाल्यावर ताईकडे येणे कमी झाले, मग आणखी कमी झाले. आईला रजा मिळेना, आजोबांना तिची शाळेत ने-आण करण्यातच दिवस पुरेना. मी म्हटले, असू दे. शाळेत पोरे असतील, पटांगण असेल. माझ्यापेक्षा चांगली फळी कोण?

बऱ्याच दिवसांनी ती आली तेव्हा मी तिला ओळखलेच नाही. म्हणजे चेहरा तोच, पण माझ्यावर बसली ती पोत्यासारखी. पाठ वाकलेली. ताईने गुडघे सरळ करायला घेतले तर ते अर्ध्यावरच अडले. मी कलले, आणि तिने स्वतःला सावरलेच नाही. ती नुसती कलंडली. तळहातही पुढे आले नाहीत. कमावलेले सगळे कुठे सांडले होते कोणास ठाऊक.

ताईचे हात तिच्या कमरेवर होते. त्यांना काहीतरी लागले. तिने भिंगरीचा सदरा जरा वर केला. पोटावर, कमरेच्या वर, एक लाल आडवा वळ होता. ताजा वळ, आणि त्याच्या खाली जुना, काळपट.

“हे काय?” आईने विचारले. त्या दिवशी ती मुद्दाम रजा काढून आली होती. “भिंगरी, हे कशाचं?”

भिंगरीने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी आरशाकडे.

“बाबा?”

“शाळेत पट्टा लावतात,” आजोबा म्हणाले. “खुर्चीला. पडू नये म्हणून.”

“किती वेळ?”

“शाळा आहे तोवर.”

“आणि तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, मी जन्मभर पट्टा लावूनच गाडी चालवली. पट्ट्यानं माणसाचा जीव वाचतो. बाई म्हणाल्या, हिच्या सुरक्षेसाठी आहे. मला पटलं. निदान दिवसभर माझ्या जिवाला घोर नाही.”

आईचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की बोळातले बोलणेच मोठे वाटू लागले. “बाबा, तुमची गाडी धावत असायची. ही खुर्ची कुठे धावतेय?”

 मित्रांनो, मला हात असते तर मी काय केले असते सांगता येत नाही. पोरीला चालायला शिकवायचे, आणि ती चालू लागली म्हणून तिला बांधायचे! जिचे पाय मुळातच ताठ, तिला तासन्‌तास गुडघे दुमडून जखडून ठेवायचे, आणि त्याला नाव द्यायचे सुरक्षा. कोणाची सुरक्षा? तिची की स्वतःची?

ताई भिंगरीसमोर मांडी घालून बसली. “तुला आवडतो का पट्टा?”

“नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“आजोबा खूश होते,” भिंगरी म्हणाली. मग आरशातल्या स्वतःला सांगावे तसे म्हणाली, “शू लागली तरी लवकर सोडत नाहीत. बाई म्हणतात, थांब जरा, हे संपू दे. मग होऊन जाते. मग सगळे हसतात.”

आजोबा उठले. दोन्ही हातांनी भिंतीवरचा दांडा धरून, आमच्याकडे पाठ करून ते उभे राहिले, पोरे उभी राहतात तसे. त्यांचे खांदे हलत होते.  

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मला पुन्हा काखेत मारले. ताई, आई, आजोबा आणि भिंगरी शाळेत गेले. मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या. हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण वाईट माणसांवर रागावणे सोपे असते. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिले. ताईने सगळे समजावले. बांधल्याने स्नायू कसे आखडतात, तोल कसा जातो, पडायची सवय मोडली की पडणे जास्त धोक्याचे कसे होते. मला टेबलावर ठेवून कलवून दाखवले. बाई मान डोलवत होत्या.

“तुमचं सगळं बरोबर आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “पण उद्या ती पडली, दात पडला, हात मोडला, तर जबाबदारी कोणाची? मागे एका मुलाला खरचटलं तर त्याच्या घरच्यांनी इथे येऊन आकाशपाताळ एक केलं होतं. एका शिक्षिकेकडे एवढा वर्ग. ती शिकवणार की हिला धरणार?”

“धरायचं नाहीच आहे,” ताई म्हणाली.

“मग पडेल.”

“पडू द्या.”

“हे तुम्ही म्हणता, मला म्हणता येत नाही. पट्टा राहील. तुम्हाला चालत नसेल तर दुसरी शाळा बघा.”

आईने पदराआड मुठी आवळल्या. दुसरी शाळा नव्हतीच. जिना न चढता वर्गात जाता येईल अशी जवळपास ही एकच. तेवढ्यात आजोबा म्हणाले, “बाई, माझी एक विनंती आहे. आज दिवसभर पट्टा मला लावा.”

“म्हणजे?”

“तिच्या खुर्चीत मी बसतो. ती माझ्या शेजारी बाकावर बसेल. शाळा सुटेपर्यंत मला सोडायचं नाही. तिला जे नियम, ते मला. एवढं करा, मग मी तोंड उघडणार नाही.”

मुख्याध्यापिकांना वाटले, म्हातारा बसेल तासभर आणि उठेल. त्या हो म्हणाल्या. मला वर्गाच्या भिंतीला टेकवून ठेवले, म्हणून पुढचे सगळे मी बघितले.

ती खुर्ची पोरांची. आजोबांचे गुडघे छातीशी आले. वर्गशिक्षिका तरुण होती. तिने ओशाळत पट्टा ओढला आणि मागे बकल लावले. मुले फिदीफिदी हसली. पहिला तास गेला. आजोबांनी एकदा पाय लांब करून पाहिले, पट्टा पोटात रुतला. दुसऱ्या तासाला त्यांच्या हातातून चष्मा निसटून खाली पडला. तो त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होता. ते वाकले, पोहोचले नाहीत, आणि तसेच मागे टेकून बसले. फळ्यावरचे त्यांना काही दिसत नव्हते. भिंगरी बाकावरून घसरून खाली बसली आणि तिने चष्मा उचलून दिला.

मधली सुट्टी झाली. पोरे बाहेर उधळली. आजोबा बसून राहिले. शिक्षिकेने हलक्या आवाजात विचारले, “आजोबा, सोडू का? कोणी बघत नाहीये.”

“तिला सोडता?”

शिक्षिका वळून फळा पुसू लागली.

सुट्टी संपल्यावर मुले परत आली तेव्हा आजोबांचा चेहरा बदलला होता. कपाळावर घाम होता आणि ते ओठ दाबून बसले होते. त्यांनी बोट वर केले.

“बाई, लघवीला जायचंय.”

मला वाटते, शिक्षिकेच्या तोंडातून सवयीनेच गेले. “थांबा जरा, एवढं संपू...” आणि ती थांबली.  तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका बुटक्या मुलीने, दोन वेण्यांपैकी एक सुटलेली, सरळ विचारले, “बाई, आजोबांना का बांधलंय? त्यांनी काय केलं?”

बघा मित्रांनो! मोठे माणूस बांधलेले दिसले की पोरालासुद्धा कळते की ही शिक्षा आहे. भिंगरी त्याच खुर्चीत महिनोन्‌महिने बांधलेली होती, तेव्हा हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. ना पोरांना, ना थोरांना. जणू पट्टा तिच्या अंगाचाच एक भाग होता.

शिक्षिकेने खडू ठेवला. ती खुर्चीमागे गेली, पण घट्ट बसलेले बकल लवकर निघेना. निघाले तेव्हा आजोबांना लगेच उभेच राहता येईना. पाय मेले होते. ते भिंत धरून धरून बाहेर गेले. शिक्षिका त्या खुर्चीकडे बघत उभी राहिली, मग पट्टा हातात घेऊन तडक ऑफिसात गेली. तिथे काय बोलणे झाले मला ऐकू आले नाही. आवाज मात्र चढलेले होते, आणि त्यातला मोठा आवाज तिचा होता.

पट्टा निघाला. मुख्याध्यापिकांनी अट घातली की घरचे कोणीतरी व्हरांड्यात बसले पाहिजे. मला शाळेतच ठेवले, रोज थोडा वेळ सरावासाठी. आजोबा व्हरांड्यात बसू लागले, आणि ताईने त्यांच्याकडून कबूल करून घेतले की भिंगरी पडली तर धावायचे नाही.

ती पडलीच. पटांगणात, वॉकर खड्ड्यात अडकून, सगळ्यांच्या देखत. खेळ थांबला. आजोबा अर्धे उठले आणि बाकाची कड धरून तसेच अधांतरी राहिले, ना बसलेले ना उभे. शिक्षिकेने तोंडावर हात ठेवला. भिंगरीचे तळहात पुढे आले होते, हनुवटी वर होती. ती पालथी होती, मग गुडघ्यांवर आली, मग तिने वॉकर जवळ ओढला. फार वेळ लागला. बघणाऱ्याला असह्य व्हावा इतका. उभी राहिल्यावर तिने तळहाताला लागलेले खडे झटकले आणि ती संतापाने ओरडली, “अरे, थांबलात का सगळे? आता राज्य कोणावर आहे?”

आजोबा बाकावर धप्पकन बसले आणि पोरासारखे हमसून रडले.

गोष्ट इथे संपवली असती तर तुम्हाला बरे वाटले असते. मलाही. पण मग मी जिन्याखाली कशी आले?

वर्षे गेली. भिंगरी वरच्या वर्गात गेली, तिची उंची वाढली, मी तिला लहान पडू लागले. मुख्याध्यापिका बदलल्या. ती शिक्षिका लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. नव्या माणसांना मी काय आहे तेच ठाऊक नव्हते. कोणीतरी म्हणाले, ही फळी डुगडुगते, कोणी पाय देऊन पडेल. पोरांना धोका! म्हणून मला उचलून इथे टाकले. आणि पट्टा? तो कोणी फेकला नाही. तो कपाटात नीट गुंडाळून ठेवलेला होता.

माझ्या अडगळीसमोरच खालचा वर्ग आहे. दाराच्या फटीतून मला त्याचा कोपरा दिसतो. यंदा तिथे एक कुरळ्या केसांचा मुलगा आला. पाय भिंगरीसारखेच, हात जरा जास्त आखडलेले. पहिल्याच दिवशी मी बकलाचा आवाज ऐकला. खट्‌! मी लाकडाची असून माझ्या अंगावर काटा आला. तीच खुर्ची, तोच पट्टा. नव्या बाई, तेच शब्द. “पडू नये म्हणून हो.” एवढे सगळे झाले, एक म्हातारा माणूस पोरांसमोर स्वतःला बांधून घेऊन बसला, आणि या शाळेला त्यातले काहीही आठवत नाही? रागावू नको तर काय करू?

गेल्या आठवड्यात भिंगरी वॉकर घेऊन नळाकडे चालली होती. त्या वर्गाच्या दारात ती थबकली. बराच वेळ आत बघत राहिली. मग आत शिरली. मला तिची पाठ दिसत होती.

“काय हवंय तुला?” बाईंनी विचारले.

“याला सोडा.”

“अगं, तो पडतो.”

“मग पडू दे ना. मीपण पडते.”

“तू तुझ्या वर्गात जा बघू.”

ती गेली नाही. खुर्चीमागे जाऊन तिने बकलाला हात घातला. एका हाताने जमेना, म्हणून तिने वॉकर सोडला, आणि तोल जाऊन ती गुडघ्यांवर आपटली. बाई किंचाळल्या. पण ती पडली ती नेमकी बकलाच्या उंचीला. तिने दोन्ही हातांनी ओढून ते सोडवले. मुलगा घसरत घसरत खाली जमिनीवर आला आणि पालथा झाला.

“हात लावू नका!” बाई धावल्या तशी भिंगरी ओरडली. “थांबा. जरा थांबा.”

मुलगा तसाच पडून होता. मग त्याने एक कोपर अंगाखाली घेतले. मग दुसरे. त्याचे डोके डुगडुगत वर आले, आणि त्याने सगळा वर्ग जमिनीवरून, इकडून तिकडे, सावकाश बघून घेतला. त्याला असे करता येते हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हते.

भिंगरीला ऑफिसात बोलावणे आले. ती गेली. संध्याकाळी तिच्या आईला आणि आजोबांना बोलावले आहे असे शिपाई कोणालातरी सांगत होता. आजोबा आता काठी टेकत येतात. पुढे काय ठरले ते मला अजून कळलेले नाही. पण त्या दिवसापासून बकलाचा आवाज मी ऐकलेला नाही, आणि मी कान देऊन आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसा, नीट ठेवा. मी तसे काही मागणार नाही. मला पुसू नका, मला रंग लावू नका, आणि कृपा करून काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. तुमच्या वर्गात हळू चालणारे, डुलणारे, धडपडणारे कोणी असेल तर त्याला खेळात घ्या. ते पडले तर ओरडू नका, पळत जाऊन त्याला ओढून उभे करू नका. जवळ बसा आणि विचारा, हात हवा का? ते हो म्हणाले तर हात द्या. नको म्हणाले तर थांबा, कितीही वेळ लागला तरी. आणि कोणी मोठे माणूस त्याला बांधायला आले, तर मोठ्याने विचारा की का. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. उर्मट म्हणतील. म्हणू द्या.

आणि तुमच्यापैकी कोणाला जमले तर हे रंगाचे डबे बाजूला करा. त्या पालीला दुसरी जागा बघायला सांगा. मला उचला, समोरच्या वर्गात न्या, आणि जमिनीवर मधोमध ठेवा. मी अजून डोलते.